जपानी गेम, हातातलं मशीन आणि आपली बाराखडी : डीएसवर जपानी गेम खेळायला सुरुवात कशी करायची

माझ्या आतेभावाने सेकंडहँड डीएस लाइट, म्हणजे निन्टेन्डोचं हातात धरून खेळायचं मशीन घेतलं, सोबत एक जपानी पोकेमॉनचं कार्ड आलं, ते घातलं, गेम सुरू झाला आणि स्क्रीनवर जपानीत दोन ओळी आल्या. त्याने फोटो काढून मला पाठवला, खाली लिहिलं, यातलं कुठलं दाबू? वरची ओळ होती 'त्सुझुकी कारा हाजिमेरु', खालची 'साइशो कारा हाजिमेरु'. कारा म्हणजे पासून. पुढच्यापासून सुरू करा, पहिल्यापासून सुरू करा. बस एवढंच. त्याने दोन महिने 'इंग्लिश पॅच (गेम इंग्रजीत करणारं भाषांतर) मिळेल का' विचारण्यात घालवले होते आणि ही दोन वाक्यं वाचायला लागणारी अक्षरं त्याला एका आठवड्यात आली.

तेव्हापासून डोक्यात होतं की हे सगळं एकदा नीट लिहून काढायचं, कारण मराठी बोलणाऱ्या माणसाला जपानी गेम जेवढा अवघड वाटतो तेवढा तो नाही आणि जपानबाहेर कधीच न आलेले इतके सुंदर गेम आहेत की नुसतं भाषेला घाबरून ते सोडून देणं मला खरंच पटत नाही. मशीन घेण्यापासून ते वाचत वाचत खेळण्यापर्यंत जे जे मला माहिती आहे ते क्रमाने सांगतो.

आधी मशीन

माझं मत स्पष्ट आहे, पहिलं मशीन निन्टेन्डो डीएस लाइट घ्या. जपानमधे तो मार्च 2006 ला आला. डीएसची सगळी मॉडेल मिळून जगभरात 15 कोटी 40 लाखांच्या आसपास मशीन विकली गेलीत, त्यामुळे वापरलेली आजही भरपूर मिळतात. पण खरं कारण वेगळं आहे. डीएस लाइटला दोन खाचा असतात, वरून डीएसचं छोटं कार्ड जातं आणि खालून गेमबॉय अॅडव्हान्सचं मोठं कार्ड, म्हणजे एकाच मशीनवर दोन पिढ्यांचे जपानी गेम चालतात. आणि या दोन्हींना रीजन लॉक नाही! जपानी कार्ड अमेरिकन मशीनवर चालतं, युरोपचं कार्ड जपानी मशीनवर चालतं. मशीन जपानी असलं तरी सेटिंगमधे भाषांच्या यादीत इंग्लिश असते आणि ती इंग्रजीतच लिहिलेली असते त्यामुळे सापडते. मात्र मशीनची भाषा बदलल्याने बहुतेक जपानी गेमची भाषा बदलत नाही, हा गैरसमज खूप जणांचा असतो.

गेमबॉय अॅडव्हान्सचं कार्ड लाइटमधून थोडं बाहेर डोकावतं, ते तसंच असतं, जोर लावून आत ढकलू नका. ते गेम एकाच स्क्रीनवर चालतात, वरच्या की खालच्या ते सेटिंगमधे ठरवता येतं. अजून एक, डीएसचा गेम चालू असताना झाकण मिटलं की मशीन झोपतं पण अॅडव्हान्सच्या गेमला ते लागू नाही, बॅटरी जात राहते. आणि जुन्या गेमबॉयची, गेमबॉय कलरची कार्डं डीएसमधे चालत नाहीत.

डीएसआय 2008 चा. त्याला खालची खाच नाही आणि जपानी डीएसआयचे मेनू फक्त जपानीत. त्याचा मोठा भाऊ डीएसआय एलएल, त्याचा स्क्रीन 4.2 इंचाचा, लाइटचा साधारण 3 इंचाचा, त्यामुळे ज्यांना भरपूर वाचायचंय त्यांना मी पुढे जाऊन एलएल घ्या म्हणेन, अक्षर डोळ्याला खूप सोपं जातं. पण इथे एक मेख आहे. साधी डीएस कार्डं डीएसआय आणि त्यानंतर आलेल्या थ्रीडीएसवर कुठल्याही देशाची चालतात, पण डीएसआयसाठी खास सोयी असलेली कार्डं या मशीनवर देशाप्रमाणे लॉक असतात. पोकेमॉन ब्लॅक आणि व्हाइट हे त्यातलेच. जपानी ब्लॅक भारतात घेतलेल्या अमेरिकन थ्रीडीएसमधे चालत नाही, तेच कार्ड डीएस लाइटमधे बिनबोभाट चालतं.

थ्रीडीएसचे स्वतःचे गेम पूर्ण लॉक आहेत, जपानी गेमला जपानी थ्रीडीएसच लागतो आणि त्याचा मेनूही जपानीतच. शिवाय त्याचं ऑनलाइन दुकान मार्च 2023 मधे खरेदीसाठी बंद झालंय, म्हणजे फक्त कार्डावर विसंबायचं. सुरुवात तिथून करू नका. निन्टेन्डोचंच पुढचं मशीन स्विच, ते रीजन फ्री आहे म्हणजे कुठल्याही देशाचे गेम चालतात आणि त्यावर बऱ्याच गेममधे भाषा निवडता येते, पण स्विच 2 घेताना सांभाळा, जपानमधे 2025 ला 49,980 येनला आलेलं स्वस्त मॉडेल फक्त जपानी भाषेचं आणि जपानच्या अकाउंटचं आहे.

विकत घेताना

टोक्योला, निशिकासाईत वगैरे कोणी ओळखीचं राहत असेल तर उत्तम, भारतीय लोक तिथे भरपूर आहेत. त्यांना अकिहाबारा या गेमच्या दुकानांच्या भागातल्या झगमगाटात पाठवण्यापेक्षा घराजवळच्या बुकऑफ किंवा हार्डऑफ अशा जुन्या वस्तूंच्या दुकानात जायला सांगा, साधे गेम तिथे काही शे येनला मिळून जातात. ओळखीचं कोणी नसेल तर बायी, झेनमार्केट अशा एजंट सर्व्हिस आहेत, त्या तुमच्या वतीने जपानी लिलाव साइटवरून वस्तू घेतात आणि इथे पाठवतात. तिथे गेमच्या किमतीवर सर्व्हिसचा चार्ज, जपानमधलं पोस्टेज, इथलं पोस्टेज आणि वर कस्टम ड्युटी, असं सगळं धरून हिशेब करायचा. एक गेम मागवणं म्हणूनच परवडत नाही, दोघातिघांनी मिळून आठदहा मागवा.

जाहिरातीतले शब्द ओळखता आले की फसायची शक्यता खूप कमी होते. 'चूको' म्हणजे वापरलेलं. 'सोफुतो नोमी' म्हणजे नुसतं कार्ड, डबी नाही. 'हाकोसेत्सु त्सुकी' म्हणजे डबी आणि माहितीपुस्तिकेसकट. 'दोसा काकुनिन-झुमी' म्हणजे चालवून पाहिलंय, आणि हा शब्द नसेल तर मी घेत नाही. 'हियाके' म्हणजे उन्हाने पिवळं पडलेलं, ते फक्त दिसण्यापुरतं. 'नामाए-गाकी आरी' म्हणजे नाव लिहिलेलं आहे. जपानी मुलं कार्डाच्या पाठीवर मार्करने आपलं नाव लिहितात, त्यामुळे किंमत उतरते आणि गेमला काही फरक पडत नाही, उलट मला तर ती कार्डं जास्त आवडतात, कोणीतरी दुसरी तिसरीतलं पोरगं हे दप्तरात घालून मित्राकडे गेलं असेल असं वाटतं. आणि 'जंक' हा शब्द जंक असाच वाचायचा. दुरुस्ती येत नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

डुप्लिकेट कार्डं पोकेमॉनची जास्त निघतात. हार्टगोल्ड, सोलसिल्व्हर, ब्लॅक, व्हाइट या कार्डांमधे इन्फ्रारेड असल्यामुळे त्यांचं प्लास्टिक काळं असतं आणि उजेडासमोर धरलं की गडद लालसर झाक दिसते. राखाडी रंगाचं हार्टगोल्ड कोणी दाखवलं तर सरळ परत करा.

मशीन हातात आल्यावर बघायच्या गोष्टी. लाइटचं उजवीकडचं बिजागर तडकतं, झाकण उघडझाप करून तिथे बारीक चीर आहे का बघा. मग एल आणि आर ही खांद्यावरची बटणं, ही लाइटची सगळ्यात कच्ची बाजू. मग टच, सेटिंगमधून कॅलिब्रेट करून चारही कोपऱ्यात रेघ ओढून पाहा. पाठीमागचं बॅटरीचं झाकण एका साध्या स्क्रूवर असतं, ते उघडून बॅटरी फुगलीये का बघा, फुगली असेल तर चार्ज न करता बदला. सुटी बॅटरी परदेशातून विमानाने मागवायला निर्बंध असतात, ती इथेच शोधा.

आता चार्जर, आणि हे कृपया नीट वाचा. जपानमधे वीज 100 व्होल्टची, आपल्याकडे 230. जपानी अडॅप्टरवर इनपुट काय लिहिलंय ते आधी वाचायचं. नुसतं 100 व्होल्ट असेल तर तो आपल्या सॉकेटला लावायचाच नाही, माझ्या एका मित्राने पिन बदलून लावला, आवाज झाला, वास आला, अडॅप्टर गेला, नशिबाने मशीन जोडलेलं नव्हतं. सोपा उपाय म्हणजे यूएसबीवरून चार्ज करायची केबल घ्या. लाइटची पिन वेगळी, पहिल्या डीएसची आणि गेमबॉय अॅडव्हान्स एसपीची सारखी, डीएसआय आणि थ्रीडीएसची सारखी, एवढं लक्षात ठेवून मागवा.

काना : इथे तीन आठवडे द्या

जपानीत तीन प्रकारची अक्षरं असतात. हिरागाना, काताकाना आणि कांजी. पहिल्या दोघांना मिळून काना म्हणतात, त्यांत मूळ 46 अक्षरं प्रत्येकी, आणि ती आपल्यासारखीच उच्चाराप्रमाणे लिहिलेली, स्पेलिंगची भानगड नाही. कांजी ही चिनी चित्राक्षरं, त्यांचा विचार आत्ता करायचाच नाही.

आता काना कुठल्या क्रमाने येतात बघा. अ, इ, उ, ए, ओ. मग क ची ओळ, स ची, त ची, न ची, ह ची, म ची, य ची, र ची, व ची. काही ओळखीचं वाटतंय का? हा आपलाच वर्णक्रम आहे. बौद्ध भिक्षू संस्कृत आणि सिद्धम लिपी शिकायचे त्यातून हा क्रम जपानीत गेला. क नंतर च च्या जागी स, मग त आणि न, मग प च्या जागी ह, मग म य र व. आणि ह ची ओळ प च्या जागी का, तर जुन्या जपानीत तो उच्चार प असाच होता, म्हणूनच आजही ह ला वर छोटं वर्तुळ दिलं की प होतो आणि दोन तिरक्या रेघा दिल्या की ब होतो. त्याच दोन रेघांनी क चा ग, स चा झ, त चा द. इंग्रजी शाळेतल्या माणसाला हे पाठ करावं लागतं, आपल्याला फक्त 'अरे हो' म्हणायचंय.

उच्चारातही आपलं घर जवळ आहे. 'त्सु' हे अक्षर म्हणताना बऱ्याच जणांची जीभ अडखळते, आपण चाक, चमचा, चारा म्हणताना जो च काढतो तो त्याच्या अगदी शेजारचा. जाळं, जहाज मधला ज तसाच झ च्या ओळीला उपयोगी पडतो.

काताकाना आधी शिका. शिकवणीत सहसा हिरागाना आधी घेतात आणि ते बरोबरही आहे, पण गेमसाठी मी उलटं सांगतो, कारण काताकानात लिहिलेले बहुतेक शब्द इंग्रजीतून आलेले असतात आणि वाचता आले की अर्थ आपोआप कळतो. 'सुताआतो' म्हणजे स्टार्ट, 'मेन्यू', 'आइतेमु' म्हणजे आयटम, 'सेएबु' म्हणजे सेव्ह, 'रोओदो' म्हणजे लोड, 'ओपुशोन', 'सुतेएजी' म्हणजे स्टेज, 'बोसु' म्हणजे बॉस. दहा दिवसात काताकाना झालं की गेमचा अर्धा मेनू उघडतो, हे समाधान हिरागानाच्या पहिल्या दहा दिवसात मिळत नाही. रोज पाच अक्षरं, वहीत हाताने लिहून. आडवी रेघ दिसली की आधीचा स्वर लांबवायचा, छोटा 'त्सु' दिसला की पुढचं अक्षर दुप्पट, आपल्या 'पक्का' मधल्या क सारखं.

दोन जोड्या खूप त्रास देतात, शि आणि त्सु, न आणि सो. शि आणि न मधे छोट्या रेघा डाव्या बाजूला, एकाखाली एक रचल्यासारख्या, मोठी रेघ खालून वर जाते. त्सु आणि सो मधे त्या वरच्या कडेला शेजारी शेजारी, मोठी रेघ वरून खाली येते. गेमच्या ठिपक्यांच्या अक्षरात हा फरक अजून पुसट होतो, तेव्हा शब्द काय असू शकतो त्यावरून ओळखा.

पहिली परीक्षा म्हणजे नाव टाकायचा स्क्रीन. तक्ता त्याच अ इ उ ए ओ क्रमात असतो त्यामुळे अक्षर शोधायला वेळ लागत नाही. आपलं नाव मात्र जपानीत बसवावं लागतं. ल नाही, तिथे र. शेवटी अर्धं व्यंजन चालत नाही, फक्त न चालतो. म्हणजे स्नेहल होते सुनेहारु. डीएसवरच्या जपानी पोकेमॉनमधे नावाला पाचच अक्षरं मिळतात, मकरंद असेल तर मा-का-रा-न-दो बरोब्बर बसतं, ओंकार म्हणजे ओ-न-का-रेघ-रु तेही बसतं, त्रिविक्रमला मात्र टोपणनाव शोधावं लागेल.

मेनूतले शब्द आणि एक धोक्याचा शब्द

'हाजिमेरु' सुरू करणे. 'त्सुझुकी' पुढचं. 'साइशो' पहिलं. 'मोदोरु' मागे जाणे. 'यामेरु' थांबवणे. 'केत्तेइ' नक्की. 'सेत्तेइ' सेटिंग. 'हाइ' हो, 'इइए' नाही. निन्टेन्डोच्या मशीनवर ए म्हणजे हो आणि बी म्हणजे नाही, गोंधळलात तर बी.

धोक्याचा शब्द 'केसु', म्हणजे पुसणे. 'केशिमासु का' असं विचारलं तर तो सेव्ह पुसायचा का असं विचारतोय. शेवटचा 'का' बघा. जपानीत प्रश्न विचारताना वाक्याच्या शेवटी का लावतात, आपण म्हणतो तसंच, पुसायचं का, जायचं का. हा निव्वळ योगायोग आहे पण आपल्या फार कामाचा आहे, वाक्याच्या शेवटी का दिसला की हात थांबवायचा आणि वाचायचं.

योगायोग इथे संपत नाहीत. क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच. नामाला मागून जोडायचे छोटे शब्द, आपल्या प्रत्ययांसारखेच. 'नो' म्हणजे चा ची चे. 'नि' म्हणजे ला किंवा त. 'कारा' पासून, 'मादे' पर्यंत. वाक्याच्या शेवटचा 'ने' म्हणजे आपला ना, 'छान आहे ना' मधला. इंग्रजीतून जपानी समजून घ्यायला गेलं की वाक्य उलटं करावं लागतं, मराठीतून गेलं की शब्द आहेत त्याच जागी ठेवून अर्थ लागतो. म्हणून वहीत अर्थ लिहिताना मराठीत लिहा, हे मी खूप कळकळीने सांगतोय.

सेव्हसाठी प्रत्येक गेमचा आपला शब्द असू शकतो. पोकेमॉनमधे सेव्ह शोधत बसाल तर मिळणार नाही, तिथे 'रेपोओतो' आहे, म्हणजे रिपोर्ट लिहायचा. ड्रॅगन क्वेस्टमधे 'बोओकेन नो शो', साहसाची वही. काही गेममधे 'किरोकु', नोंद.

वापरलेल्या कार्डात जुन्या मालकाचा सेव्ह असतोच. पोकेमॉनमधे तो पुसायचा तर टायटल स्क्रीनवर वर, सिलेक्ट आणि बी एकत्र दाबायचं. पण पुसण्याआधी एकदा 'त्सुझुकी कारा' करून बघा तरी, कोणीतरी कुठपर्यंत पोचलं होतं, कोणाला किती लेव्हलला नेलं होतं, नावं काय ठेवली होती. पंधरा वर्षांपूर्वीचं एक बालपण आहे ते, एका बटणाने जाणार आहे.

कुठला गेम आधी

पहिला गेम असा घ्या जो न वाचता खेळता येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे, रिदम तेंगोकु. गेमबॉय अॅडव्हान्सवर ऑगस्ट 2006 मधे आला, जपानमधेच राहिला. छोटे छोटे तालाचे खेळ, कान उघडे ठेवून एक दोन बटणं वेळेवर दाबायची. आपल्याकडे लहानपणापासून टाळ्या, झांजा, लेझीम हातात असते, त्यामुळे कित्येक जणांना हा लगेच जमतो. प्रत्येक खेळाच्या शेवटी शेरा येतो, 'यारिनाओशी' म्हणजे परत कर, 'हेइबोन' म्हणजे ठीकठाक, 'हाइ रेबेरु' म्हणजे हाय लेव्हल. 'यारिनाओशी' एवढ्या वेळा दिसतं की ते पाठच होतं. हेडफोन लावून खेळा, वायरवालेच.

दुसरा, ओसु ताताकाए ओएंदान, जुलै 2005. काळ्या गणवेशातली चिअर करणारी पोरं, आणि कोणी अडचणीत सापडलं की त्याच्यासाठी गाण्याच्या तालावर जीव तोडून ओरडतात. पहिलाच प्रसंग परीक्षेच्या अभ्यासाला बसलेल्या मुलाचा, घरातले सगळे त्याला डिस्टर्ब करतायत, हे आपल्याकडच्या बारावीच्या घरात कोणाला समजावून सांगावं लागेल का? वरच्या स्क्रीनवर मांगासारखी, म्हणजे जपानी कॉमिकसारखी चित्रं चालतात, खाली तुम्ही आकड्यांच्या क्रमाने गोल दाबायचे, बाहेरची रिंग लहान होत आतल्या गोलाला टेकली की त्या क्षणी. कधी चेंडूच्या मागे स्टायलस (टचची काडी) ओढायची, कधी गरगर फिरवायची. जपानी अजिबात न येता पूर्ण होतो. याचाच आदर्श घेऊन पुढे कॉम्प्युटरवरचा ओसु हा गेम निघाला.

काना आले की मग पोकेमॉन. डायमंड, पर्ल किंवा हार्टगोल्ड, सोलसिल्व्हर घ्या, कारण ब्लॅक व्हाइटच्या आधीच्या जपानी पोकेमॉनमधे कांजी नाहीच, सगळं काना अक्षरांत आणि शब्दांमधे मोकळी जागा सोडलेली. लढाईत चारच पर्याय, 'ताताकाउ' लढ, 'बाग्गु' बॅग, 'पोकेमोन', आणि 'निगेरु' पळ. इंग्रजी किंवा हिंदीत टीव्हीवर पाहिलेलं असल्यामुळे गोष्ट माहिती असते आणि तेच इथे उपयोगी, माहितीच्या गोष्टीतून अनोळखी भाषा शिकणं सगळ्यात सोपं. नावं वेगळी आहेत पण गंमत आहे त्यात, पिका म्हणजे चमचम आणि चू म्हणजे उंदराचं चिवचिवणं.

त्यानंतर मदर 3. शिगेसातो इतोई यांनी लिहिलेला, एप्रिल 2006, गेमबॉय अॅडव्हान्स, निन्टेन्डोने जपानबाहेर कधीच काढला नाही. यातही कानाच. एका कुटुंबाची गोष्ट आहे, जास्त सांगत नाही, पण पहिल्या भागानंतर मी दोन दिवस मशीन हातात घेतलं नव्हतं. 2008 मधे चाहत्यांनी इंग्रजी भाषांतर केलं आणि ते मनापासून केलेलं काम आहे, तरी मूळ वाक्यं इतकी छोटी आणि साधी आहेत की काना अक्षरांवर हात बसलेला माणूस ती सावकाश वाचू शकतो. वेळ लागेल, लागू द्या.

आणि अभ्यास म्हणून सगळ्यात हुशार खरेदी, डीएसवरचा ग्याकुतेन साइबान, सप्टेंबर 2005. कोर्टातला गेम, वकील तुम्ही. याच्या जपानी कार्डातच इंग्रजी भाषाही आहे! म्हणजे एक केस आधी इंग्रजीत खेळायची, मग तीच जपानीत. वकिलाचं आडनाव नारुहोदो, जपानीत त्याचा अर्थ 'अच्छा, असं आहे होय'. वाय बटण दाबून माइकमधे 'इगी आरी' असं ओरडलं की हरकत घेतली जाते, रात्री घरच्यांना झोपू द्या. यात कांजी भरपूर आहेत, पुण्यात जेएलपीटीचा, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांना मी हा आवर्जून देतो, कारण साक्षीपुरावे, वेळा, ठिकाणं, कोण कुठे होतं हे शब्द परत परत येतात.

जंप अल्टिमेट स्टार्स, नोव्हेंबर 2006, नारुतो, गोकू, लुफी सगळे एकाच मैदानात, मांगाच्या चौकटी जोडून आपला संच बनवायचा. मारामारी सोपी आहे, चौकटी जोडायचं गणित वाचल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे हा थोडा उशिरा घ्या.

वाचत खेळायची पद्धत

लहान मुलांच्या गेममधे कांजीच्या डोक्यावर बारीक काना दिलेले असतात, त्याला फुरिगाना म्हणतात. डबीवर कोपऱ्यात सेरोचं, म्हणजे गेम कुठल्या वयासाठी ते सांगणारं अक्षर असतं, ए म्हणजे सगळ्यांसाठी. ए असलं म्हणजे फुरिगाना असेलच असं नाही पण शक्यता वाढते, घेण्याआधी गेमचे स्क्रीनशॉट बघा.

मोबाइलचा कॅमेरा धरून भाषांतर करता येतं, पण डीएसचा एक स्क्रीन 256 बाय 192 ठिपक्यांचा, त्यात बारा पंधरा रेघांची कांजी कशीबशी कोंबलेली असते, कॅमेरा काहीतरी भलतंच वाचतो. त्यापेक्षा मोबाइलमधे जपानी हस्ताक्षराचा कीबोर्ड टाका आणि कांजी बोटाने काढा, रेघांचा क्रम थोडा चुकला तरी ओळखतो. डीएसवरच याच कामासाठी निन्टेन्डोने 2006 मधे कांजी सोनोमामा राकुबिकी जितेन नावाचा शब्दकोश काढला होता, स्टायलसने कांजी लिहायची की अर्थ समोर. दोन मशीन असतील तर एकात तो आणि एकात गेम, ही जोडी मला अजूनही मोबाइलपेक्षा आवडते.

प्रत्येक शब्द शोधू नका. माझा नियम असा आहे, एखादा शब्द तिसऱ्यांदा दिसला तरच वहीत लिहायचा. एकदाच येणारा शब्द शोधण्यात संध्याकाळ जाते आणि गेम कंटाळवाणा होतो. रोज वीस पंचवीस मिनिटं, वाक्य मोठ्याने वाचून, शेवटी सेव्ह करायच्या आधी त्या दिवशीचे चार पाच शब्द लिहून. महिन्याने वहीचं पहिलं पान उघडा, बघा किती शब्द आता न बघता येतात.

थोडं पीएसपीबद्दल

सोनीवाल्यांनी विचारलंच आहे म्हणून. पीएसपी या सोनीच्या हातातल्या मशीनच्या यूएमडी (छोट्या चकतीवरच्या) गेमना रीजन लॉक नाही, सिनेमांच्या यूएमडीला आहे. जपानी गेममधे गोल म्हणजे हो आणि फुली म्हणजे नाही, आपल्या सवयीच्या बरोबर उलटं, पहिले दोन दिवस सारखं चुकतं. सेव्हसाठी मेमरी स्टिक लागते, ती मशीनसोबत आहे का विचारा, आणि फुगलेल्या बॅटरीचा त्रास इथे जास्त. गेम एकच सांगतो, बोकु नो नात्सुयासुमी 4, 2009 चा. एका मुलाची उन्हाळ्याची सुट्टी, नातेवाइकांच्या गावी, समुद्राकाठी, किडे पकडायचे, मासे धरायचे, संध्याकाळी हाक आली की जेवायला जायचं. कोकणात मामाकडे मे महिना काढलेल्या माणसाने हा खेळून बघाच. घरातलं रोजचं बोलणं, आवाजासकट, त्यामुळे ऐकायचा सराव फार छान होतो.

कार्डाची काळजी

कार्ड वाचलं नाही तर फुंकर मारू नका, तोंडातली वाफ त्या पट्ट्यांवर बसते. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानातल्या काडीला किंचित लावून सोनेरी पट्ट्या पुसा, काळं निघेल, दुसरी काडी घ्या, दहा मिनिटं वाळू द्या, मग घाला. बहुतेक वेळा एवढ्याने चालतं. मुंबई, कोकण, गोवा इकडे पावसाळ्यात ओल फार, डबीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. गेमबॉय अॅडव्हान्सच्या काही कार्डात आत बटणासारखा सेल असतो, काहींत तो फक्त घड्याळासाठी तर काहींत सेव्ह त्याच्यावरच टिकून असतो, आणि दुसऱ्या प्रकारात सेल काढला की सेव्ह जातो. म्हणून सेल बदलायला देताना आधी त्या गेमचा सेव्ह कशावर आहे ते शोधून काढा, आणि आत कोणाचा तरी खेळ असेल तर त्या आधी एकदा शेवटपर्यंत बघून घ्या.